पेडल हलतंय का बघा : जुन्या पिकअपचे बुश कधी आणि कसे बदलायचे



आपल्या अंकात कर्ज, विमा, शेळीपालन, पापड-लोणची यांवर नेहमी काही ना काही येतं. या वेळी विषय वेगळा आहे. गाडीच्या पेडलचा बुश. "हे आमच्या मालकांना दाखवते" म्हणून अंक लगेच बाजूला ठेवू नका. गाडी चालवायला येत नसलेल्या बाईसाठीच हा लेख लिहिलाय. गाडी कुणीही चालवू दे, तिचा हप्ता तुमच्या गटातनं जातो आणि तिच्यात माल तुमचा असतो.

कोडोली आणि आसपासच्या गावांत दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या पिकअप पुष्कळ आहेत. कुणी भाजी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात नेतं, कुणी दूध, कुणी गूळ, कुणी पशुखाद्य. जोतिबाच्या चैत्र यात्रेला स्टॉलचं सामान वर चढवायचं तेव्हाही हीच गाडी. काही गाड्या गटानं मिळून घेतल्यात, काही एखाद्या ताईनं गटातनं कर्ज काढून घरच्यांना घेऊन दिल्यात. अशा गाडीचं इंजिन, टायर, बॅटरी यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पेडलकडे कुणी बघत नाही, कारण ते पायाखाली असतं.

बुश म्हणजे काय?

घरातला अडकित्ता आठवा. दोन पाती एका खिळ्यावर फिरतात. खिळा घट्ट असेल तर सुपारी बरोबर मधोमध कातरते. तोच खिळा झिजला की पातं बाजूला सरकतं, सुपारी निसटते आणि बोट सापडतं. पातं धारदार असूनही अडकित्ता निकामी होतो.

पेडलचंही असंच आहे. ब्रेकचं किंवा क्लचचं पेडल एका आडव्या लोखंडी दांडीवर झुलतं. तिला मेस्त्री शाफ्ट म्हणतात. पेडलचं लोखंड थेट शाफ्टवर घासू नये म्हणून मधे एक पोकळ नळकांडं बसवलेलं असतं, दोऱ्याच्या छोट्या रिळासारखं. तो बुश. काही गाड्यांत तो नायलॉनचा, म्हणजे टणक प्लॅस्टिकचा असतो, काहींत पितळेचा किंवा गनमेटलचा. गनमेटल म्हणजे तांबं, कथील आणि जस्त यांचा मिश्रधातू.

बुश मुद्दाम शाफ्टपेक्षा मऊ करतात. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की एक झिजणारच. मग स्वस्त असलेली झिजावी आणि महागाची वाचावी, असा तो हिशेब आहे. म्हणजे बुश झिजला यात कुणाची चूक नाही. तो झिजण्यासाठीच असतो. झिजल्यावर वेळेत बदलला नाही, तर मात्र झीज पुढे शाफ्टवर आणि पेडलच्या भोकावर जाते.

एवढासा बुश झिजतो कशानं?

पहारीनं दगड उचलताना आपण लांबच्या टोकाला जोर देतो म्हणून जड दगडही हलतो. पेडल म्हणजे अशीच पहार. पाय लांबच्या टोकाला दाबतो आणि आतल्या पुशरॉडवर साधारण चार-पाचपट जोर पडतो. पहार ज्या दगडावर टेकते त्याला जसा भार सोसावा लागतो, तसा इथे तो बुशला सोसावा लागतो.

आता एका फेरीत क्लच किती वेळा दाबला जातो याचा विचार करा. प्रत्येक गिअरला एकदा, प्रत्येक गतिरोधकाला एकदा, मार्केट यार्डाच्या गर्दीत तर पावलोपावली. गळीत हंगामात वारणेच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ऊसगाड्यांच्या मागं अडकलं की "क्लच दाब, गाडी हलव, परत दाब" हेच चालू राहतं. त्यात चालकाच्या चपलेबरोबर शेतातली माती आत येते, पावसाळ्यात पाणी येतं. ग्रीस वाळतं. मातीचे बारीक कण बुशमध्ये शिरले की पॉलिश पेपरसारखं काम करतात.

चालकाला कळत नाही, तुम्हाला कळेल

या लेखातलं एवढं एकच लक्षात राहिलं तरी पुरे. बुश एका दिवसात जात नाही. रोज केसभर झिजतो. चालकाचा पाय रोज त्याच पेडलवर असतो, त्यामुळे त्या ढिलेपणाची त्याला सवय होते. विचारलं तर तो खरंच सांगतो, "काय न्हाय वैनी, पेडल झकास हाय." तो खोटं बोलत नसतो. त्याच्या पायाला फरक कळेनासा झालेला असतो.

ज्या बाईचा पाय त्या पेडलवर कधी पडला नाही, तिनं महिन्यातून एकदा हातानं हलवून बघितलं तर तिला चटकन कळतं. म्हणून ही तपासणी गटानं स्वतःकडे घ्यावी असं माझं म्हणणं आहे. तिला ना लायसन लागतं, ना पाना.

पाच मिनिटांची तपासणी

गाडी सपाट जागेवर उभी करा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाला दगड लावलेला. किल्ली तपासणाऱ्या ताईच्या हातात. मग एकेक बघा.

१. पेडल हातात धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. किंचित हललं तर चालतं. पण नजरेला सहज दिसेल इतकं डुललं किंवा खटखट वाजलं, तर बुश झिजलाय असं समजा.

२. पेडल हातानं सावकाश दाबा आणि सोडा. कुरकुर आवाज येतो का? मधेच अडकतं का? सोडल्यावर पूर्ण वर येतं का?

३. समोरून बघा. पेडल एका अंगाला कललंय का? त्यावरचं रबर एकाच कडेला जास्त झिजलंय का? शेजारच्या पेडलला किंवा पत्र्याला घासल्याची खूण आहे का?

४. मोबाईलच्या उजेडात पेडल जिथं झुलतं तिथं बघा. काही गाड्यांत ते वरून टांगलेलं असतं, काहींत खालून उभं. तिथं काळी किंवा पिवळसर भुकटी, प्लॅस्टिकचा तुकडा दिसतो का?

५. एका ताईला गाडीच्या मागं उभी करा. ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागला पाहिजे आणि सोडल्याबरोबर विझला पाहिजे. काही गाड्यांत दिव्यासाठी किल्ली फिरवावी लागते, पण इंजिन चालू करू नका. दिव्याचं बटण पेडलजवळच असतं. पेडल पूर्ण वर आलं नाही तर दिवा लागलेलाच राहतो, आणि मागून येणाऱ्याला आपण कधी थांबतोय ते समजत नाही.

इथं एक घोटाळा होतो. पेडल दाबायला सुरुवात केल्यावर पहिलं थोडं अंतर ते हलकं, मोकळं जातं. त्याला फ्री प्ले म्हणतात. तो थोडा असावाच लागतो, कंपनीनंच तो ठेवलेला असतो. तो दोष नव्हे. दोष आहे तो आडव्या हलण्यात, म्हणजे साइड प्लेमध्ये. पुढे-मागे थोडं मोकळं चालेल, डावी-उजवीकडे डुलणं चालणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

हा आजार बुशचा नव्हे

काही लक्षणं वेगळ्या आणि जास्त धोक्याच्या आजाराची असतात. ब्रेकचं पेडल स्पंजासारखं मऊ लागलं तर ब्रेकच्या पाइपात हवा शिरलेली असू शकते. पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जात राहिलं, तर मास्टर सिलिंडर आतून गळत असेल किंवा तेल कुठून तरी बाहेर पडत असेल. इंजिन चालू असतानाही पेडल दगडासारखं कडक लागलं, तर बूस्टरमध्ये बिघाड असू शकतो. यांतलं काहीही दिसलं तर बुशची चर्चा करत बसू नका. ती गाडी माल घेऊन रस्त्यावर जाता कामा नये. मेस्त्रीला जागेवर बोलवा.

दुर्लक्ष केलं तर काय होतं?

क्लचच्या बाजूनं आधी पैसा जातो. चालकाचा पाय जेवढा खाली जातो त्यातलं थोडं अंतर बुशच्या ढिलेपणातच संपतं, त्यामुळे क्लच पूर्ण सुटत नाही. गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो. मग कुणी तरी सांगतं, क्लच प्लेट गेली. प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मोठं काम आणि मोठं बिल. एवढं करूनही दुखणं बुशमध्ये असेल तर नवी प्लेट टाकल्यावरही आवाज राहतोच. उलटही होतं. पेडल अडकून पूर्ण वर आलं नाही, तर क्लच थोडा दाबलेलाच राहतो. चढाला प्लेट घसरते, करपल्याचा वास येतो आणि चांगली प्लेट जळते. म्हणून प्लेटचा खर्च मंजूर करण्याआधी "पेडलचे बुश बघितले का?" एवढं विचाराच.

ब्रेकच्या बाजूनं मात्र जीव जातो. कललेल्या पेडलवरून ओला पाय निसटतो. पेडल शेजारच्या पत्र्यात अडकू शकतं. पेडल पूर्ण वर न आल्यानं ब्रेक थोडा लागलेलाच राहिला, तर चाकं तापतात, आणि तापलेले ब्रेक उतारावर नीट धरत नाहीत. आपल्या गाड्या जोतिबा-पन्हाळ्याच्या चढउताराला जातात, कधी आंबा घाटातनं कोकणात उतरतात. भरलेली गाडी उतारावर असताना चालकाला पाय नेमका जिथं टाकायचाय तिथं पेडल सापडलंच पाहिजे.

आणि पिकअपच्या हौद्यात माणसं बसवू नका, जत्रेलाही नाही आणि मेळाव्यालाही नाही. मालगाडीत माणसं वाहून नेणं नियमात बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळवतानाही अडचण येते.

तेल मारून भागतं का?

कुरकुर ऐकू आली की बऱ्याच ठिकाणी तेलाचा फवारा मारतात. आवाज बंद होतो, आठवडाभर बरं वाटतं. पण झिजलेली जागा तेलानं भरून येत नाही. उलट तेलाला धूळ चिकटते आणि ओघळ पेडलच्या रबरावर आला तर पाय घसरतो. आवाज थांबला म्हणजे दुखणं थांबलं असं नव्हे. तेलानं दोन दिवस निभावतील, पण हलवून बघायची तपासणी परत कराच.

बुश बदलताना मेस्त्री काय करतो?

हे काम आपण घरी करायचं नाही. ब्रेकचा मामला आहे, तो माहितगार मेस्त्रीच्याच हातचा. पण काय-काय होतं हे माहीत असलं की समोर उभं राहून बघता येतं आणि बिलही समजतं.

आधी रिटर्न स्प्रिंग आणि दिव्याच्या बटणाची वायर सोडवतात. मग पुशरॉडला पेडलशी जोडणारी पिन काढतात. तिच्यात एक दुमडलेली बारीक तार असते, ती स्प्लिट पिन. नंतर शाफ्टचा नट किंवा लॉक काढून शाफ्ट सरकवतात, की पेडल हातात येतं. जुना बुश दाबून बाहेर काढतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शाफ्ट पुसून त्यावरून नख फिरवा. नख कुठं अडकलं, खाच लागली, तर शाफ्टही झिजलाय. अशा शाफ्टवर नवा बुश घातला तर तो लवकरच परत जाणार. पेडलचं भोकही बघा. ते गोल राहिलं नसेल, लांबट झालं असेल, तर नवा बुश त्यात घट्ट बसत नाही. पुशरॉडची पिन आणि तिचं भोक हीसुद्धा झिजायचीच जागा.

नवा बुश सरळ दाबून बसवायचा असतो. त्यावर हातोडा घातला तर प्लॅस्टिकचा फुटतो आणि पितळेचा चेपतो. बसवताना ग्रीस लावायचं. बुश नायलॉनचा असेल तर प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस घ्यायला सांगा. जुनी स्प्लिट पिन परत वापरायची नाही. एकदा वाकवलेली तार दुसऱ्यांदा वाकवली की तुटते. ती तार काही रुपयांची, पण तिच्यावर ब्रेकची पिन अडकलेली असते. शेवटी फ्री प्ले परत जुळवतात आणि मागचा दिवा तपासतात.

बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच शाफ्टवर असतात. तसं असेल तर दोन्हीकडचे बुश एकदमच बदलून घ्या. इथं वस्तूची किंमत थोडी असते, खरा खर्च खोलण्या-बसवण्याच्या मजुरीचा. तीच मजुरी दोनदा का भरायची?

गाडी जुनी आणि बुश दुकानात मिळत नाही, असं झालं तरी अडत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणारे टर्नर आहेत. उसाच्या चरकांपासून ऑइल इंजिनांपर्यंतचे भाग या शहरात घडत आलेत. जुना बुश, शाफ्ट आणि पेडल तिन्ही घेऊन जा. नुसता झिजलेला बुश नेला तर टर्नर झिजलेलंच माप घेईल. शाफ्टवरून आतलं माप आणि पेडलच्या भोकावरून बाहेरचं माप घेतलं की गनमेटलचा बुश नेमका बसतो. भोक लांबट झालं असेल तर ते वेल्डिंगनं भरून परत गोल करता येतं का, तेही तिथंच विचारा.

काम झाल्यावर गाडी थेट मालाला लावू नका. मोकळ्या जागेत रिकामी गाडी सावकाश चालवून चार-पाच वेळा ब्रेक मारून बघू द्या. मग आपली आडवी हलवायची तपासणी आपल्या हातानं परत करा.

मेस्त्रीपुढं बोलायचं कसं?

गॅरेजमध्ये बाई गेली की "घरातल्या कुणाला तरी पाठवा" असं म्हणणारे भेटतात. वाद घालायची गरज नाही, नेमकं विचारलं की पुरतं. बैठकांमध्ये मी हे संवाद म्हणून करून घेते.

"मेस्त्री, पेडलला साइड प्ले आलाय. बुश बघायचेत."

"शाफ्टला खाच पडलीय का, दाखवा की जरा."

"वस्तू आणि मजुरी बिलात वेगवेगळी लिहा."

"काढलेला बुश पिशवीत घालून द्या."

"कशाला वैनी? त्याचं काय करताय?"

"बैठकीत ठेवायचाय."

हा शेवटचा मुद्दा गंमत म्हणून घेऊ नका. काढलेला बुश चटईवर मधोमध ठेवला आणि सगळ्यांनी हातात घेऊन बघितला, की खर्च कशाचा झाला यावर शंका राहत नाही. आपण बचतीचं वाचन सगळ्यांसमोर करतो, त्यातलाच हा प्रकार.

गटानं काय ठरवायचं?

बुश वेळेत बदलला न जाण्याचं कारण बहुतेक वेळा पैसा नसतोच. गाडी दहाजणींची, म्हणून बघायचं कुणी हे ठरलेलं नसतं. चालक म्हणतो गट बघेल, गट म्हणतो चालक बघेल. म्हणून चार गोष्टी ठराव करून प्रोसिडिंगमध्ये लिहा.

एक, दर महिन्याच्या एका बैठकीला गाडी दारात आणायची आणि दोघींनी पेडल तपासायचं. पाळीपाळीनं सगळ्यांना हे यायला हवं.

दोन, गाडीची वेगळी वही. तारीख, किलोमीटर, काय बघितलं, काय बदललं, किती खर्च आला.

तीन, दर फेरीमागं थोडी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला. समजा फेरीला २० रुपये आणि महिन्याला २० फेऱ्या, तर महिन्याला ४०० आणि वर्षाला ४,८०० रुपये जमतात. रक्कम तुम्ही ठरवा, पण ती हप्त्याच्या पैशात मिसळू नका.

चार, ब्रेकच्या दुरुस्तीला पुढच्या बैठकीची वाट बघायची नाही. ठरावीक रकमेपर्यंत अध्यक्ष आणि सचिवांनी लगेच खर्च करावा आणि नंतर बैठकीत बिल ठेवावं. दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभी करायचा अधिकारही त्यांना द्या. भाडं बुडेल म्हणून कुणी कुरकुर केली, तर ठराव पुढं करता येईल.

पासिंगच्या वेळी बघू, असंही म्हणू नका. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावं लागतं. पण दोन पासिंगच्या मधे अख्खा गळीत हंगाम आणि अख्खा पावसाळा जातो, आणि बुश झिजायचा तो त्यातच झिजतो.

२०१७ साली आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना आली. गावच्या रस्त्यांवर प्रवासी गाड्या गटाच्या सदस्यांनी चालवाव्यात, अशी ती कल्पना. म्हणजे गाडी हा पुरुषांचाच विषय ही समजूत सरकारी कागदावरही आता राहिलेली नाही. गाडी चालवायला शिकायचं की नाही हे ज्यानं-त्यानं ठरवावं. पण आपल्या नावावर कर्ज असलेल्या गाडीचं पेडल हातानं हलवून बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

येत्या बैठकीला गाडी दारात बोलवा. चाकाला दगड लावा, किल्ली हातात घ्या आणि पेडल डावी-उजवीकडे हलवा. जे दिसेल ते वहीत लिहा. मी बैठकीला येईन तेव्हा ती वही बघायला मागणार आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक